गप्प संघ बोलायला लागला तेव्हा

पहिल्या वर्षी माझं काम सोपं होतं. डावीकडच्या कोपऱ्यातून निघायचं, फ्री थ्रो लाइनच्या टोकाशी उभ्या असलेल्या मुलीच्या पाठीमागे जाऊन थांबायचं आणि माझ्या जोडीदाराला बास्केटकडे पळू द्यायचं. वरून पास यायचा, अगदी बास्केटजवळून सोपा ले-अप व्हायचा. असं दिवसातून पाच-सहा वेळा सहज घडायचं. विशेष म्हणजे ज्यांच्याविरुद्ध आम्ही हे करत होतो तो संघ चांगला होता.

अमेरिकेत पदवीला असताना मी दोन वर्षं आमच्या विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाचा 'प्रॅक्टिस प्लेअर' होतो. तिथल्या बऱ्याच महिला संघांकडे मुलांची अशी एक तुकडी असते. पुढचा प्रतिस्पर्धी जसा खेळतो तसं खेळून दाखवायचं, एवढंच आमचं काम. एका आठवड्यात मी कुणाची तरी डावखुरी गार्ड व्हायचो, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाची तरी उंच फॉरवर्ड. त्याचे पैसे नाहीत, शिष्यवृत्ती नाही. सरावापुरते कपडे आणि बूट मिळायचे. नियम मात्र खेळाडूंसारखेच कडक: पूर्णवेळ विद्यार्थी असायला हवं, पात्रतेची कागदपत्रं तपासून घ्यायची, वैद्यकीय तपासणी करायची, मगच कोर्टवर पाय ठेवायचा. हे सगळं होईपर्यंत मी गॅलरीत बसून नुसता सराव बघायचो. त्या बसून राहण्याचा पुढे फार उपयोग झाला.

संघ चांगला होता म्हणजे नेमका कसा, ते सांगतो. नेम चांगला, पासिंग सुरेख, दमसास भरपूर. आमची पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन चाली रचणारी, तर चेंडू घेऊन निघाली की बघत राहावं अशी. दुबळ्या संघांना या मुली सहज हरवायच्या. बरोबरीच्या संघाशी गाठ पडली की शेवटच्या पाच मिनिटांत काहीतरी निसटायचं. याची कारणं प्रत्येकाकडे तयार होती. कुणी म्हणायचं उंची कमी पडते, कुणी म्हणायचं सामना एकहाती फिरवणारी एक स्टार हवी, कुणी म्हणायचं सराव वाढवा.

सराव वाढवता येत नाही, हे बाहेरच्यांना बहुधा माहीत नसतं. विद्यापीठांच्या खेळांचा कारभार एनसीएए ही संघटना बघते आणि तिचा नियम आहे की हंगाम चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, दिवसाला ४ तास, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. सामन्याचा दिवस ३ तासांचा धरतात. म्हणजे अजिंक्य ठरणाऱ्या संघाकडेही तेवढेच तास असतात आणि तळाच्या संघाकडेही. त्या तासांत काय घडतं, सगळा फरक तिथे पडतो.

आमच्या त्या तासांत एक गोष्ट घडत नव्हती. संघ बोलत नव्हता.

मी कोपऱ्यातून निघून जी चाल करायचो तिला बॅक स्क्रीन म्हणतात. बचाव करणारीची नजर चेंडूवर असते आणि आपण तिच्या मागे भिंतीसारखं उभं राहायचं. तिला आपण दिसणं शक्यच नसतं. दिसतो तो मुख्यतः मला गार्ड करणाऱ्या मुलीला. तिने 'स्क्रीन!' म्हणून वेळेत हाक दिली तर पुढची मुलगी एक पाऊल मागे घेते आणि चाल तिथेच मरते. हाक आली नाही, तर तिचे पाय कितीही चपळ असोत, ती माझ्या अंगावर येऊन आदळते. आमच्या संघात हाक यायची, पण आदळल्यानंतर. बऱ्याचदा यायचीच नाही.

हे मला नोव्हेंबरपासून दिसत होतं आणि मी ते कुणाला सांगितलं नाही. आपण सरावाला आलेलो, आपण कोण सांगणारे, असं वाटायचं. मार्चमध्ये कॉन्फरन्सच्या, म्हणजे आमच्या गटातल्या विद्यापीठांच्या स्पर्धेच्या, उपांत्य सामन्यात शेवटच्या मिनिटात प्रतिस्पर्ध्यांनी हीच चाल केली. आमच्या दोघी एकाच मुलीमागे धावल्या आणि दुसरी बास्केटखाली एकटी उभी राहिली. मी प्रेक्षकांत होतो. पास सुटण्याआधीच मला कळलं होतं, कारण तीच चाल मी वर्षभर केली होती. माझं गप्प बसणंही त्या गप्पपणातच मोडत होतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

एप्रिलमध्ये मी असिस्टंट कोचना गाठलं आणि जे दिसलं ते सांगितलं. त्यांनी वही काढली, मला तिथेच बसवलं आणि कोणत्या चाली सगळ्यात सहज जमतात ते एकेक करून विचारलं. विरुद्ध बाजूने रोज खेळणाऱ्याला हा प्रश्न आधी कुणी विचारलाच नव्हता.

पुढच्या हंगामाचा सराव सुरू झाला तेव्हा मुख्य कोचनी एक ड्रिल आणली. खरं तर जुनीच. 'शेल' म्हणतात तिला: चौघी हल्ला करतात, चौघी बचाव करतात, पास फिरत राहतो आणि प्रत्येक पासबरोबर चौघींनी आपली जागा बदलायची. कोचनी नियम एकच वाढवला. चेंडूवर असलेलीने 'बॉल', बाजूचीने 'हेल्प', आणि स्क्रीन येत असेल तर नावासकट दिशा. कुणाचाही आवाज राहिला की शिट्टी, आणि वेळ पुन्हा शून्यापासून. बास्केट झाली तर चालेल, गप्प राहिलेलं चालणार नाही. पहिल्या दिवशी त्यांना सलग तीस सेकंद काही जमले नाहीत. मुली वैतागल्या. पळून दमणं त्यांच्या सवयीचं होतं, बोलून दमणं नवीन होतं. आठवडाभरात निम्म्या संघाचा घसा बसला.

सगळ्यात अवघड गेलं आमच्या सेंटरला. ती घाबरट नव्हती, आळशी तर मुळीच नव्हती. स्वभावाने अबोल आणि खेळाची समज उत्तम. तिला सगळं दिसायचं आणि आपल्याला दिसलं म्हणजे पुरेसं आहे असं तिला मनापासून वाटायचं. सेंटर बास्केटखाली उभी असते, अख्खं कोर्ट तिच्या समोर असतं. पाचांपैकी सगळ्यात जास्त दिसणारी तीच, आणि तीच गप्प. कोचनी तिला दोन आठवडे रोज दहा मिनिटं एक काम दिलं. बास्केटमागच्या बेसलाइनच्या बाहेर उभं राहायचं, चेंडूला हात लावायचा नाही, फक्त आतल्या चौघींना सांगत राहायचं. आत चौघींविरुद्ध आम्ही पाच मुलं. तिच्या आवाजाशिवाय तो बचाव टिकणंच शक्य नव्हतं.

सुरुवातीला ती हळू बोलायची आणि आम्ही सोपे गुण करायचो. तिच्या चेहऱ्यावर राग दिसायचा. पण आत मार खाणाऱ्या आपल्याच मैत्रिणी आहेत आणि त्या केवळ आपण बोललो नाही म्हणून मार खातायत, हे तिला रोज समोर दिसत होतं. चौथ्या-पाचव्या दिवशी तिने पहिली खणखणीत हाक दिली. पॉइंट गार्डने खेळता खेळता वळून तिच्याकडे बोट केलं. कोच काही बोलल्या नाहीत. मला वाटतं, संघ तिथे बदलला.

इथे राखीव खेळाडूंबद्दल लिहायलाच हवं. महिला संघांनी मुलांशी सराव करावा का, यावर तिकडे बराच वाद झालाय. एनसीएएच्या महिला क्रीडाविषयक समितीने २००६ मध्ये ही पद्धत बंद करावी अशीच भूमिका घेतली होती. पहिल्या पाच जणी मुलांशी खेळतात आणि बाकीच्या बाजूला उभ्या राहतात, मग त्यांनी शिकायचं कधी? मी स्वतः त्या मुलांपैकी होतो, तरी हा आक्षेप मला रास्त वाटतो. पहिल्या वर्षी आमच्याकडे हेच होत होतं. दुसऱ्या वर्षी कोचनी सरावाचा अर्धा वेळ पहिल्या पाच विरुद्ध राखीव पाच असा ठेवला. त्यातून कळलं की सगळ्यात दमदार आवाज एका राखीव गार्डचा आहे. सामन्यात तिला फार तर सहा-सात मिनिटं मिळायची. पण ती बेंचवरूनही हाका द्यायची आणि कोर्टवरच्या मुली त्या ऐकायच्या.

डिसेंबरमध्ये आम्ही लागोपाठ तीन सामने हरलो आणि 'हे बोलणंबिलणं पुरे, नेमबाजी करू द्या' असा सूर निघाला. तेव्हा असिस्टंट कोचनी मिसिसिपी स्टेट आणि कनेटिकट या विद्यापीठांच्या महिला संघांचे दोन जुने सामने दाखवले. २०१६ च्या राष्ट्रीय स्पर्धेत कनेटिकटने त्यांना ९८-३८ असं हरवलं होतं. तब्बल ६० गुणांनी. वर्षभराने, ३१ मार्च २०१७ ला, हेच दोन संघ उपांत्य फेरीत भेटले. कनेटिकट तोवर सलग १११ सामने जिंकलेला. जादा वेळेत शेवटच्या क्षणी मिसिसिपीच्या मॉर्गन विल्यमचा शॉट बास्केटमध्ये गेला आणि मिसिसिपी स्टेट ६६-६४ ने जिंकलं. सगळे त्या शॉटबद्दलच बोलतात. आम्हाला मात्र कोच पुन्हा पुन्हा दाखवत होत्या ते दुसऱ्या सामन्यातलं बचावाचं खेळणं: ९८ गुण देणाऱ्या संघाने वर्षभरात त्याच प्रतिस्पर्ध्याला जादा वेळ धरूनही ६४ वर रोखलं होतं.

दुसरं उदाहरण साउथ कॅरोलायनाचं. २०२३ मध्ये एकही सामना न हरता उपांत्य फेरीत पोहोचले आणि आयोवाकडून ७७-७३ हरले. त्यानंतर त्यांच्या पाचही मुख्य खेळाडू गेल्या. नव्या मुली घेऊन पुढच्या वर्षी कोच डॉन स्टेली यांचा हा संघ ३८-० असा अजिंक्य राहिला. अर्थात त्यांच्याकडे गुणी खेळाडूंची रांग असते, आमच्याकडे नव्हती. पण गुणी खेळाडू २०२३ लाही होत्याच की. 'आपल्याकडे कोण आहे' हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या ड्रेसिंग रूममध्ये कमी झाला, असं मुली नंतर सांगायच्या.

जानेवारीतला एक मंगळवार मला लख्ख आठवतो. मी कोपऱ्यातून निघालो, नेहमीची चाल. दोन पावलं टाकली नाहीत तोच मागून आवाज आला, नाव आणि 'स्क्रीन डावीकडे'. पुढची मुलगी माझ्याकडे न बघता एक पाऊल मागे सरकली. माझा जोडीदार तिच्या छातीवर आदळला, फाउल आमचा. पुन्हा केली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी मुद्दाम उलट्या बाजूने, उशिरा निघालो. सेंटर मला म्हणाली, "तू आता उजवीकडे जाणारेस," आणि मी उजवीकडेच निघालेलो होतो! आम्ही पाचही मुलं हसलो, पण पुढची वीस मिनिटं आम्हाला एकही सोपी बास्केट मिळाली नाही. मी उंचीने आणि ताकदीने पहिल्या वर्षी होतो तसाच होतो, त्याही जवळपास त्याच मुली होत्या. त्या सरावानंतर मला इतका आनंद झाला की खोलीवर जाऊन घरी फोन केला आणि बास्केटबॉलचा गंध नसलेल्या आईला बॅक स्क्रीन समजावून सांगत बसलो.

हंगामात नंतरही चढउतार आले. पॉइंट गार्डचा घोटा मुरगळला, दोन सामने गेले. पण निसटणारी ती शेवटची पाच मिनिटं आता आमची असायची. आम्ही कॉन्फरन्स जिंकली, ६८ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत गेलो, एक सामना जिंकलो आणि दुसऱ्या फेरीत आमच्यापेक्षा सरस संघाकडून हरलो. तरीही त्या संघाला मी थोर म्हणतो, आणि ते म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्याचा शेवट असतो.

आम्ही दोन गुणांनी पुढे, शेवटचा चेंडू त्यांच्याकडे. प्रेक्षक इतके ओरडत होते की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. त्यांची फॉरवर्ड कोपऱ्यातून निघाली, आमच्या गार्डच्या पाठीकडे. मी उठून उभा राहिलो. मला काही ऐकू आलं नाही, पण बास्केटखाली आमच्या सेंटरचं तोंड उघडलेलं दिसलं, हात वर. गार्ड मागे न बघता एक पाऊल सरकली. चेंडू ज्या मुलीकडे जायचा होता ती मोकळी झालीच नाही. त्यांनी चेंडू परत फिरवला, डावीकडे, पुन्हा वर, आणि दर पासला आमच्या पाचही जणींची तोंडं हलत होती. बास्केटवरचं शॉट क्लॉक शून्यावर आलं. शॉट घ्यायला मिळणारे ३० सेकंद संपले होते आणि चेंडू अजून त्यांच्याच हातात होता.