कागद तयार होते, तरी परत का गेलो

पहाटे आमच्या गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर भरतीची तयारी करणारे पोट्टे सोळाशे मीटर पळतात आणि मी घड्याळ घेऊन उभा असतो. पळणं झालं की त्यातला एखादा धाप टाकत विचारतोच, "काका, तुमचे फौज सोडाचे कागद तयार होते म्हणते. मंग तुम्ही वापस काऊन गेले?" लग्नाकार्यात सोयरेही हेच विचारतात. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

मी सॅपर, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर पलटणीतला. 1993 ला भरती झालो. ट्रेनिंग खडकीला झालं. 13 डिसेंबर 2001 ला संसदेवर हल्ला झाला आणि ऑपरेशन पराक्रम सुरू झालं. सुट्टीवरचे जवान बोलावले गेले, गाड्याच्या गाड्या भरून फौज सीमेवर गेली. आमची कंपनी पंजाबात, अबोहरच्या पुढे. तिकडे किन्नूच्या बागा पाहिल्या की आपल्या वरूडचा संत्रा आठवायचा, आणि कापूसही आपल्यासारखाच, पऱ्हाट्या अजून वावरात उभ्या होत्या.

सीमेलगतच्या शेतांत सुरुंग पुरायचं काम आमच्याकडे होतं. गहू घोट्याएवढा आला होता. आम्ही तो तुडवत ओळीने खड्डे करायचो, माइन बसवायची, माती सारखी करायची आणि रेकॉर्डवर ओळीचा आकडा चढवायचा. एका शेताचा मालक, सत्तरीचा सरदार, बांधावर उकिडवा बसून दिवसभर बघत राहिला. संध्याकाळी आमच्यासाठी चहाची किटली घेऊन आला आणि मला विचारलं, "तू कित्थों दा?" मी म्हटलं, महाराष्ट्र, विदर्भ, घरी आठ एकर कोरडवाहू आहे. त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. पुढे काही बोलला नाही.

फेब्रुवारीत तार आली. बाबा गेले. दिल्लीहून जी.टी. पकडून सेवाग्रामला उतरलो तोवर सगळं आटोपलं होतं.

घरात माय, लग्नाची बहीण आणि मी एकुलता एक. दहावं झालं तसा मामांनी विषय काढला. घरची अडचण फारच असली तर जवानाला मुदतीआधी नाव कमी करून घेता येतं, आर्मीच्या नियमातच ती सोय आहे. ते नको तर घराजवळ बदली मागता येते. मामांनी देवळीला तहसीलच्या चकरा मारून दाखला आणला, वर्ध्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पडताळणीची माहिती घेतली, अर्जही लिहून आणला. खोटं त्यात एक अक्षर नव्हतं. फक्त माझी सही राहिली होती.

पोट्टे म्हणतात, "पेन्शनसाठी गेले असान." तो हिशेब मीही केला होता, नाही म्हणणार नाही. पंधरा वर्षांशिवाय जवानाला तेव्हा पेन्शन नव्हती आणि माझी नऊच झाली होती. पण घराजवळ बदली घेतली असती तर पेन्शनही राहिली असती आणि मायही दिसली असती. तेव्हा पेन्शनने माझा प्रश्न सुटत नव्हता.

मला अडवत होती ती दुसरीच गोष्ट. आपल्या देशात सक्तीची भरती नाही. इस्रायलमध्ये आहे, दक्षिण कोरियात आहे. तिथला पोरगा म्हणू शकतो, मला कोणी विचारलं होतं? मला तर विचारलं होतं. कसम परेडला जमिनीवरून, पाण्यातून, हवेतून जिथे हुकूम होईल तिथे जाईन, जिवाला धोका असला तरी जाईन, हे मी मोठ्याने म्हटलं होतं. बाबा त्या दिवशी धोतर-टोपी घालून समोर बसले होते. आणि मी सुटलो म्हणून काम सुटत नाही. सुरुंगाच्या कामावरच्या पार्टीत, म्हणजे टोळीत, माझ्या जागी दुसऱ्याचं नाव चढतं. त्याच्या घरीही कोणाची तरी माय असते. हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण आधी एक जण घरच्या कारणाने गेला तेव्हा त्याच्या जागी माझंच नाव चढलं होतं. त्याने सूट घेतली ते बरोबरच केलं. त्याच्या घरी तान्ही पोरं होती आणि बायको अंथरुणाला खिळलेली. त्याला मी कधी नाव ठेवलं नाही, कोणी ठेवू नये.

तरीही सही करायची की नाही, हे ठरलं ते एका रात्री. माय सुपात तूर पाखडत होती. मी तिला पहिल्यांदाच सांगितलं की तिकडे आम्ही काय काम करतो. तिने विचारलं, "मंग तो गहू कोण सोंगन?"

"कोणीच नाही माय. तसाच उभा राहीन."

सूप थांबलं. "त्या बुढ्याले सांगतलं होतं का, कधी काढान म्हणून?"

मी गप्प राहिलो. तिने पुन्हा सूप हाती घेतलं. जा म्हणाली नाही, राहा म्हणाली नाही. सकाळी अर्ज मामांच्या हाती परत दिला. मामा वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत.

याची किंमत मी एकट्याने दिली नाही, हेही लिहायलाच हवं. वावर बटईने द्यावं लागलं. बहिणीचं लग्न पुढे गेलं. त्या खरिपात माय दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला गेली. ही गोष्ट मला बहिणीकडून दोन वर्षांनी कळली आणि ती आजही सलते.

ऑक्टोबर 2002 मध्ये फौज मागे घ्यायचं ठरलं आणि आम्ही पेरलेलं काढायला बसलो. पुरण्यापेक्षा काढणं वाईट. प्लॅस्टिकच्या छोट्या माइनमध्ये लोखंड नावापुरतं असतं, डिटेक्टरचा भरवसा नाही. पालथं पडून प्रॉडर, म्हणजे माती टोचायची सळई, तिरका घालायचा, वीतभर सरकायचं, पुन्हा घालायचा. त्या सरदाराच्या शेतात एका ओळीत आकडा जुळेना, एक कमी भरत होती. ती ओळ मीच घातली होती. डिसेंबरात तिच्या टोकाला पाण्याचा पाट होता. आता पावसाने बुजून तो दिसत नव्हता, पण मला आठवत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी पाटाच्या गाळात, जागेपासून हातभर सरकलेली ती माइन सापडली. दुसऱ्या कोणालाही सापडली असती, कदाचित.

आदल्या रात्री घरी पत्र टाकलं होतं, त्यात ओघात लिहून गेलो होतो की एक भरत नाही. बहिणीने ते मायला वाचून दाखवलं असणार. पुढे सुट्टीवर आलो. दारात पाय धुवायला माय तांब्या घेऊन आली, पाणी ओतायच्या आधी विचारलं, "ते एक सापडलं का रे?"

"हो माय, सापडलं."