पाण्याची सरासरी: माझा अनुभव

एफवायच्या पेपरात फलाची (फंक्शनची) सरासरी किंमत काढायला आली होती. मी सुरुवातीची आणि शेवटची किंमत मिळवून सरळ दोनाने भागलं, आणि त्या प्रश्नाला भोपळा मिळाला. सूत्र पाठ होतं हो! 'अ'पासून 'ब'पर्यंत इंटिग्रेशन, म्हणजे सलग बेरीज, करा आणि (ब − अ)ने भागा. पण टोकांच्या सरासरीने काम का होत नाही, ते काही डोक्यात शिरत नव्हतं.

सुट्टीत जयगडला घरी आले. आबांचा भरतीचा हिशेब ठरलेला, तिथीची पाऊणपट. द्वितीया होती, म्हणजे भरती दीड वाजता. पाणी मात्र एकलाच चढून थांबलं. "आपल्याकडं जरा आधीच," आबा म्हणाले.

बांबूवर दर दहा सेंटिमीटरला ऑइलपेंटची रेघ मारून मी तो जेटीच्या खांबाला बांधला होता. लाटा हलत होत्या, त्यामुळे आकडे नजरेच्या अंदाजानेच. एक ते चार, दर अर्ध्या तासाला: २५०, २४७, २३९, २२५, २०८, १८७, १६५.

पहिल्या अर्ध्या तासात पाणी उतरलं जेमतेम तीन सेंटिमीटर, शेवटच्या अर्ध्या तासात बावीस! म्हणजे पाणी वरच्या अंगालाच जास्त वेळ रेंगाळलं. टोकांची सरासरी येते २०७.५, तिला हे रेंगाळणं दिसतच नाही. सातही आकडे धरले तर २१७.

आता इंटिग्रेशन. संध्याकाळी सातनंतर टॉर्च घेऊन पूर्ण ओहोटीचा आकडा पाहिला, ७०. मधली पातळी १६०, तिच्या वर-खाली ९०. एका भरतीपासून दुसरी साधारण १२ तास २५ मिनिटांनी. म्हणून भरतीनंतर 'ट' तासांनी पाणी = १६० + ९० कोसाइन (०.५०६ ट). शून्य ते तीन इंटिग्रेशन केलं, तीनने भागलं. उत्तर १६२.

खुशीत वही मिटली. जेवताना घास हातातच राहिला. अगं, दुपारभरात सगळ्यात कमी पाणीच १६५ होतं, मग सरासरी त्याच्याही खाली कशी? अर्धा तास चिन्हांची चूक शोधली. चूक कॅल्क्युलेटरची निघाली, तो डिग्रीवर होता. सूत्रातला कोन रेडियन या मापात होता. रेडियनवर टाकला तर २१९.

तरी २१७ आणि २१९ मधले दोन सेंटिमीटर खटकत राहिले. ते झोपायच्या आधी सुटलं. मधला प्रत्येक आकडा अर्ध्या तासाचा प्रतिनिधी, पण पहिला आणि शेवटचा फक्त पाव-पाव तासाचे. मी त्यांनाही पूर्ण मान दिला होता. त्यांना अर्धंच धरून सहाने भागलं, तर तिथेही २१९!

पाणी उड्या मारत उतरत नाही, सलग उतरतं. त्यामुळे त्या तीन तासांत कधीतरी ते बरोबर २१९वर असलंच पाहिजे. गणिताने वेळ आली दोन एक्केचाळीस, मधोमध अडीच नव्हे. आबांना सांगितलं तर म्हणाले, "मग तेव्हाच बघायचं ना."

दुसऱ्या दिवशी भरती पाऊण तासाहून थोडी जास्तच पुढे सरकणार, म्हणून तीनलाच जेटीवर जाऊन बसले. बांबू रात्रीच वाहून गेला होता.