सत्ताविसावा भाग: लाझरसची दाढी आणि कपाळावरची जखम

'स्टार ट्रेक' या अमेरिकी विज्ञानकथेची मूळ मालिका प्रसारणाच्या क्रमाने पुन्हा बघायला घेतली आहे. पहिल्या सीझनच्या 29 भागांपैकी 27 झाले. सत्ताविसावा म्हणजे 'द ऑल्टरनेटिव्ह फॅक्टर', 30 मार्च 1967चा. मागच्या फेरीत याला दहापैकी दोन गुण देऊन पुढे गेलो होतो. या वेळी वही घेऊन दोनदा बघितला.

तेव्हा राग आला होता तो दाढीचा. लाझरसची दाढी एका प्रसंगात दाट, दुसऱ्यात विरळ. एरवी अशी चूक मी सोडून देतो. इथे मात्र कथेचा सगळा भार त्याच्या चेहऱ्यावरच आहे. दोन विश्वांतले दोन लाझरस, एक वेडा, एक शहाणा, आणि समोर कोण आहे हे ओळखायची खूण म्हणजे कपाळावरची जखम. अंतराळयानाचा डॉक्टर मॅकॉय याने पाहिलेली जखम थोड्या वेळाने पार नाहीशी होते. किती चांगली कल्पना! पण नजर दाढीवर अडकते आणि जखम निसटते. दुसऱ्यांदा बघताना मी फक्त कपाळाकडे लक्ष ठेवलं, तेव्हा कुठे गोष्ट उलगडली.

दाढीचा दोष लाझरस साकारणाऱ्या रॉबर्ट ब्राउनला देऊ नये. ही भूमिका जॉन ड्रू बॅरीमोर करणार होता, तो चित्रीकरणाला आलाच नाही, आणि ब्राउनला आयत्या वेळी उभं केलं गेलं. त्या घाईत त्याने वेड्या लाझरसची धाप आणि शहाण्याचा थकवा वेगळा ठेवला आहे, हे मला आता दिसलं.

यानावरच्या लेफ्टनंट मास्टर्सचं मात्र वाईट वाटतं. त्या भूमिकेत जॅनेट मॅक्लाक्लन किती ठामपणे उभी राहते! मूळ पटकथेत तिचं आणि लाझरसचं प्रेम होतं, ते काढून टाकलं. मग तिला करायला उरलं काय? माझ्या मते मधला भाग रेंगाळतो तो या खड्ड्यामुळेच. लाझरस पुन्हा पुन्हा कड्यावरून पडतो आणि कथा जागची हलत नाही.

विज्ञानही लंगडं आहे. एक विश्व द्रव्याचं, दुसरं प्रतिद्रव्याचं, म्हणून दोन लाझरस समोरासमोर आले तर दोन्ही विश्वं नष्ट होतील, असं कथा सांगते. पण इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिद्रव्यातला जोडीदार पॉझिट्रॉन भेटले की दोघं नाहीसे होतात आणि गॅमा किरण उरतात, विश्व बुडत नाही. उलट प्रतिद्रव्याच्या विश्वात पाय ठेवताच यानाचा कप्तान कर्क याचाच स्फोट व्हायला हवा. तो तिथे निवांत बोलत उभा राहतो.

तरीही शेवट. शहाणा लाझरस स्वतःहून त्या दोन विश्वांमधल्या बोळात अडकायला तयार होतो, कायमचा, गळ्याशी आलेल्या वेड्या जुळ्यासोबत. चित्र निगेटिव्हसारखं उलटतं, दोघं झटापट करत राहतात. सगळे वाचले, पण लाझरसचं काय, हे कर्क विचारतो आणि भाग तिथेच संपतो. मी टीव्ही बंद करून बराच वेळ तसाच बसलो होतो.

नवे गुण: साडेपाच. पुढचा 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर', शनिवारी रात्री.