फील्ड टेस्टवर सगळं काळं, पण बोटं हलवली की कळतं

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासणारी. फील्ड टेस्ट, म्हणजे नजर समोर ठेवून आजूबाजूचं किती दिसतं ते मशीनवर बघणं, हे रोजचंच काम. त्या दिवशी एक काका आले, मेंदूच्या डाव्या बाजूला मागे स्ट्रोक होऊन दोनेक महिने झालेले, तक्रार काय तर उजव्या डोळ्याने दिसत नाही. बरेच पेशंट असंच सांगतात, पण उजवा डोळा झाकला तरी उजवीकडचं गायबच, कारण दोन्ही डोळ्यांना दिसणारं उजवीकडचं सगळं मेंदूच्या डाव्या भागात जातं आणि मार तिथे बसलाय, डोळे ठणठणीत.

मशीनवर बसवलं. लाईट लुकलुकला की बटण दाबायचं. उजवीकडे एकदाही दाबलं नाही, दोन्ही रिपोर्ट अर्धे काळेकुट्ट. तर मुलगा हळूच म्हणतो, "मॅडम, बाबा नाटक करतात असं वाटतं हो. उजवीकडे ठेवलेला तांब्या दिसत नाही म्हणतात आणि त्याच बाजूने मांजर पळालं की लगेच मान वळवतात." काकांना ऐकू गेलं, काही बोलले नाहीत बिचारे. मला इतकं वाईट वाटलं, कारण माणूस शंभर टक्के खरं बोलत होता.

मग मी समोर बसले, म्हटलं काका, माझ्या नाकाकडेच बघायचं हं. त्यांच्या उजवीकडे हात नुसता धरला, काही नाही. बोटं हलवली, तर म्हणाले, "काहीतरी हाललं बघा, काय ते नाही सांगता येत." थांबवली, गेलं. परत हलवली, परत कळलं. मुलगा बघतच राहिला.

याला रिडॉक फिनॉमिनन म्हणतात. जॉर्ज रिडॉक या ब्रिटिश डॉक्टरने १९१७ साली पहिल्या महायुद्धातल्या, डोक्याला मागे गोळी लागलेल्या सैनिकांबद्दल हेच लिहून ठेवलंय. डोळ्यांकडून येणारी मुख्य वाट मेंदूच्या मागच्या कॉर्टेक्सला, म्हणजे बघण्याचं काम करणाऱ्या बाहेरच्या थराला जाते, पण काही बारीक वाटा तो भाग टाळून थेट हालचाल ओळखणाऱ्या भागात पोचतात, शिवाय कधी कधी जखमी कॉर्टेक्सचाही थोडा तुकडा शाबूत असतो. आमच्या मशीनचे लाईट एका जागी लुकलुकतात, सरकत नाहीत, म्हणून हे रिपोर्टवर येतच नाही, हलणारं टार्गेट घेऊन मुद्दाम बघावं लागतं आणि ते बघायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

आपोआप जे काही सुधारतं ते बहुतेक पहिल्या काही महिन्यांतच, त्यामुळे काकांकडे अजून थोडा वेळ होता. तोवर नजर मुद्दाम पार उजवीकडे न्यायची सवय करायची, वाचताना ओळीच्या शेवटाला बोट ठेवायचं, हे मुलालाच नीट शिकवलं. मोटरसायकल मात्र बंद सांगितली, त्यावर काका जाम नाराज झाले, पण तिथे मी ऐकलं नाही.