पाच नंबरची नळी

मंगळवार, रात्री साडेअकरा

पाच नंबरच्या नळीचा निकाल आला. डीएनए पिठ्या ढेकणाचा, म्हणजे झाडाचा रस शोषणाऱ्या त्या पांढऱ्या पिठाळ किडीचा नाहीच, गांधीलमाशीचा! सर म्हणाले, "नीट बघून घेतला होतास ना गं?" बघूनच घेतला होता. गेल्या महिन्यात घरी गेले तेव्हा आईच्या जास्वंदीवरून ब्रशने उचलून थेट अल्कोहोलमध्ये टाकला होता. आई म्हणालीसुद्धा, "एक-दोन काय नेतेस, सगळेच ने."

काय झालं असेल ते आता कळतंय. दुसऱ्या किड्याच्या अंगात वाढणाऱ्या बारीक परोपजीवी गांधीलमाशीने त्याच्या अंगात अंडं घातलेलं असणार. अळी मोठी झाली की पिठ्या तांबूस, कडक डबीसारखा होतो, मग कुणीही ओळखेल. त्याआधी मात्र वरून अगदी धडधाकट. त्यात मी सीओआय जनुकाचे (प्रजाती ओळखायला वापरतात ते) नेहमीचेच प्रायमर वापरले, म्हणजे डीएनएवर बसून त्याच्या प्रती काढायला सुरुवात करून देणारे छोटे तुकडे. बाकी किड्यांना ते चालतात, पण पिठ्या आणि त्यांच्या भाऊबंद खवले किडी यांच्या डीएनएवर बऱ्याचदा नीट बसत नाहीत. माशीच्या डीएनएवर छान बसले. त्यामुळे प्रत तयार झाली ती माशीचीच. पिठ्यासाठीचे वेगळे प्रायमर फ्रीजमध्ये होते, माझाच आळस.

माझा डीएनए जिच्याशी जुळला ती माशी म्हणजे एनासियस ॲरिझोनेन्सिस. २००९ मध्ये भारतातून नवी प्रजाती म्हणून हिचं वर्णन झालं, आणि शास्त्रज्ञ डॉ. बांबावाले यांच्यावरून नाव पडलं एनासियस बांबावालेई. आमच्याकडे अजून बरेच जण तेच म्हणतात. मागाहून कळलं की हिचं अमेरिकेत आधीच बारसं झालेलं होतं. आणि ज्या पिठ्यावर ती जगते, त्याचंही अगदी हेच. कापसावर त्याने धुमाकूळ घातला तेव्हा पाकिस्तानात त्याला नवी प्रजाती समजून नाव दिलं गेलं. २००८ मध्ये बारकाईने तपासलं तर तो १८९८ साली न्यू मेक्सिकोतून नोंदवलेला फेनॅकॉकस सोलेनॉप्सिसच निघाला.

या लोकांना हसायची माझी तरी हिंमत नाही. या किडींची मादी म्हणजे वाढलेलं पिल्लूच. पंख नाहीत, आणि खवले किडीत तर पुष्कळदा पायही नाहीत. नुसती मेणाखालची पिशवी. नराला पंख असतात, पण तोंडच नसतं, दोन-चार दिवसांत मरतो. दोघं शेजारी ठेवले तर एकाच जातीचे आहेत हे शपथेवर सांगूनही पटणार नाही. म्हणून सगळं वर्गीकरण मादीच्या कातडीवर: कॉस्टिकमध्ये उकळा, रंगवा, लवंग तेलातून काढा, बाल्समच्या डिंकात काचेवर बसवा, मग सूक्ष्मदर्शकाखाली मेण गाळणारी छिद्रं मोजत बसा. आज दुपारी दोन तास तेच केलं. मान धरलीय.

अशा पिशव्यांची वंशावळ नुसत्या छिद्रांवरून लावायची म्हणजे कठीणच. २००२ मध्ये कुक, गलन आणि ट्रूमन यांनी १८एस या रायबोसोमच्या जनुकावरून ती मांडून पाहिली. पिठ्या, मऊ खवले, कवचवाल्या खवले किडी असं या किडींच्या कुळातल्या नव्या शाखेचं सगळं गणगोत एकत्र आलं. प्युटो नावाचा वंश मला फार आवडतो. दिसायला अस्सल पिठ्या, पुस्तकांतही पिठ्यांतच बसलेला. जनुकांनी त्याला बाहेर काढलं. त्याचे नर तर आधीपासूनच वेगळं सांगत होते. पिठ्याच्या नराला बापाकडून गुणसूत्रं मिळतात, पण ती गुंडाळून बाजूला पडतात आणि पुढे मुलांना जात नाहीत. प्युटोत हा प्रकारच नाही. इतका मोठा फरक, आणि वरून बघाल तर तेच पांढरं पीठ.

हे वाचताना वाटायचं, डीएनए आला की संपलं. आज पाच नंबरने तेही घालवलं.

कातडी मात्र टाकलेली नाही. डीएनए काढताना अंग चिरडायचं नाही, रिकामं कवच त्याच नंबराने ठेवायचं, ही सरांची सवय आज कामी आली. उद्या स्लाइड करते. नशीब असेल तर आत अळीचे जबडे दिसतील.

संध्याकाळी आईला फोन केला. म्हटलं, जास्वंदीवर काही मारू नकोस, माशी आलीय, ती बघून घेईल. आई म्हणाली, "सकाळीच साबणाचं पाणी मारलं की गं."