मोकळं मैदान सोडून झाडीत का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी डिस्क गोल्फ, म्हणजे फ्रिस्बीसारखी चकती कमीत कमी फेकींत साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकण्याचा खेळ, खेळते म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. लांबलचक मोकळे कोर्स असताना त्या छोट्या बागेतल्या झाडीत कशाला जाता? तिथे नऊच बास्केट, सगळ्यात लांबचं जेमतेम ८० मीटरवर, आणि फेकावं तिकडे झाड. त्यात खेळण्यासारखं काय आहे?

खेळण्यासारखी आहे ती दोन झाडांमधली फट.

समजा, बास्केट टी पॅडपासून, म्हणजे पहिली फेक जिथून करायची त्या जागेपासून, ६० मीटरवर आहे. १५ मीटरवर दोन खोडं, त्यांच्यात दोन मीटरची फट. डिस्क स्वतःच २१ सेंटिमीटरच्या आसपास रुंद असते. हिशेब मांडून बघा, दोन्ही बाजूंना नेम जेमतेम साडेतीन अंश चुकलेला खपतो. मोकळ्या मैदानात हीच चूक झाली तर डिस्क बास्केटपासून साडेतीन मीटर बाजूला पडेल. म्हणजे बास्केटभोवतालच्या १० मीटर त्रिज्येच्या पटिंगच्या (जवळून नेम धरून फेकण्याच्या) वर्तुळात, अगदी आरामात. आपलं काही चुकलं हे तिथे कळणारही नाही. झाडीत ते लगेच कळतं, आवाजासकट. हात उशिरा सुटला की डिस्क उजव्या खोडावर, लवकर सुटला की डाव्या. असं स्वच्छ उत्तर देणारा गुरू मला मोकळ्या मैदानावर मिळालेला नाही.

आणि फट पार केली म्हणजे काम झालं असं नाही. डिस्क सरळ रेषेत उडत नाही. उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून आडवा आणून, फेकली, की वरून पाहता ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. वेग जास्त असेपर्यंत ती सरळ किंवा थोडी उजवीकडे जाते आणि वेग उतरला की डावीकडे झुकते. फोरहँडने, म्हणजे हात अंगाच्या बाजूने पुढे आणून, फेकली की सगळं उलट. म्हणून फटीच्या पलीकडे वाट डावीकडे वळत असेल तर बाहेरची कड खाली ठेवून हायझर टाकायचा. उजवीकडे वळत असेल तर बाहेरची कड वर ठेवून अ‍ॅनहायझर किंवा फोरहँड. वर फांद्यांचं छप्पर असेल तर उंचीही हवी तेवढी मिळत नाही. वेग, कोन, उंची हे सगळं एकाच फेकीत ठरवायचं. म्हणूनच ताकदीचा इथे फारसा उपयोग नाही. ड्रायव्हरला (लांब फेकीसाठीच्या डिस्कला) तो ज्यासाठी घडवलाय तो वेग मिळाला नाही, तर तो डावीकडे ओढतो. एवढ्याशा अंतरात पटर आणि मिडरेंज (जवळच्या आणि मध्यम फेकीच्या डिस्क) जास्त सरळ जातात. माझ्या पिशवीतला ड्रायव्हर त्या बागेत बाहेर निघतच नाही.

‘मग हा नशिबाचाच खेळ ना?’ हेही विचारतात. काही होल (एका टी पॅडपासून त्याच्या बास्केटपर्यंतचा टप्पा) तसे असतात खरे. झाडं दाटीने उभी, वाट कुठेच नाही, डिस्क भिरकावायची आणि निघेल तशी निघेल. अशा होलला मी वाईटच म्हणेन. चांगल्या होलला निदान एक वाट असते, उभं राहून शोधली तर सापडणारी. दोन असल्या तर फारच छान: एक अरुंद पण थेट, दुसरी वळसा घेणारी पण रुंद. निवड खेळणाऱ्याची.

डिस्क झाडाला लागून आडबाजूला गेली, की खरी गंमत सुरू होते. जिथे थांबली तिथे खूण करायची आणि तिच्या लगेच मागे २० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल अशा पट्ट्यात एक पाय टेकलेला ठेवून फेकायचं. फांदी मोडायची नाही, बांधून ठेवायची नाही. जिच्यामुळे पानं-फांद्या कमीत कमी हलतील अशीच उभं राहण्याची पद्धत निवडायची. हा नियम मला फार आवडतो. मग माणूस गुडघा टेकतो, अंग तिरकं करतो, फांदीखालून फोरहँड काढतो. अशी डिस्क घसरत जाऊन बास्केटजवळ थांबली, तर लांबलचक ड्राइव्हपेक्षा मला तिचाच आनंद जास्त होतो.

या खेळाचं आणि झाडांचं नातं जुनंच आहे. साखळ्यांची बास्केट येण्याआधी लोक खोडांना आणि खांबांना नेम धरत. एड हेड्रिक यांनी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमस्वरूपी कोर्स उभारला, तेव्हा तिथेही आधी खांबच होते. साखळ्यांच्या बास्केटचं पेटंट त्यांना १९७७ मध्ये मिळालं.

म्हणूनच कोर्स लांब करायला झाडं तोडण्याची भाषा निघाली, की मला राग येतो. टी पॅडसमोरच्या कोवळ्या झाडांची साल सततच्या माराने सोलवटते. त्यांच्यापुढे लाकडी खांब रोवता येतात. बास्केटभोवतालची माती पायांनी दबून मुळं उघडी पडतात; तिथे दोन-तीन जागा ठरवून बास्केट आलटून पालटून हलवता येतं. आणि छोट्या बागेत आपण एकटे नसतो. १७० ग्रॅमची बारीक कडेची डिस्क कुणाच्या डोक्याला लागली तर ते साधं प्रकरण नाही. वाटेवर कुणी चालत असेल तर थांबायचं, ते पार पुढे जाईपर्यंत.

तुम्हाला येऊन बघायचं असेल तर एक पटर पुरे. फेकण्याआधी प्रत्येक होलवर बास्केटपर्यंत चालत जा आणि तिथून टी पॅडकडे वळून बघा. टी पॅडवरून न दिसलेली वाट उलट बाजूने पुष्कळदा चटकन दिसते.