बी बाजू

रविवार, रात्री

आज मिरजेहून माझ्या जुन्या मैत्रिणीचा फोन आला आणि निम्मा वेळ भांडण्यात गेला. मुद्दा काय, तर १९८८ साली तिनं भरून पाठवलेल्या एका कॅसेटच्या बी बाजूला अभिषेकीबुवांच्या नाट्यपदानंतर काय होतं? मी म्हणते, आशाबाईंचं भावगीत. ती म्हणते, "छे गं, त्या तानांवर लगेच भावगीत? मी असं लावीनच कसं?" पुरावा दोघींकडेही नाही. पण रेडिओवर ते पद संपलं की माझे कान अजूनही आशाबाईंची वाट बघतात, त्याचं काय करू?

तेव्हा मी पुण्यात, ती मिरजेला मेडिकलला. कॅसेट पोस्टानं जायची, नाहीतर एसटीनं निघालेल्या कुणाच्या तरी पिशवीतून. लागायची सी-९०च, म्हणजे दोन्ही बाजू मिळून नव्वद मिनिटांची. सी-६० अपुरी पडायची आणि सी-१२० ची फीत इतकी पातळ की टेपरेकॉर्डर ती गिळणारच. सी-९० ची एक बाजू ४५ मिनिटांची, म्हणजे अख्खी एल्पी रेकॉर्ड, दोन्ही अंगांनी, तिच्यात मावायची. त्यामुळे ए बाजू शास्त्रीयला, त्यात डोकं चालवायची गरज नाही. खरी करामत बी बाजूला. वहीत मिनिटांची बेरीज-वजाबाकी करत बसायचं, शेवटचं गाणं अर्ध्यात तुटलं तर सगळी मेहनत पाण्यात. जुनी भावगीतं इथे कामी यायची. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवर मावेल एवढीच ती बांधलेली, तीन-सव्वातीन मिनिटांत आटोपणारी. कुठल्याही फटीत बसायची. (म्हणूनच म्हणते, आशाबाई होत्या!)

रेकॉर्ड आणि प्ले एकदम दाबून पॉजवर बोट धरून बसायचं. रेडिओवरून भरताना निवेदिका नेमकी शेवटच्या ओळीवर बोलायला लागायची. भरून झालं की कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन्ही प्लास्टिकच्या टिकल्या मोडायच्या, नाहीतर घरातलं कुणीतरी त्यावर कीर्तन भरणार. नकलेची नक्कल असली की गाण्याच्या मागे सुंऽऽ असा आवाज. काही गाणी आता स्वच्छ ऐकली की मला उघडीबोडकी वाटतात.

एकदा न मागता तिनं शास्त्रीय गायक मल्लिकार्जुन मन्सूर पाठवले. कव्हरवर डॉक्टरी अक्षरात नुसतं 'खट'. मला वाटलं, पॉजचा आवाज कुठे आलाय त्याची नोंद असेल. ते रागाचं नाव निघालं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काही हाती लागेना. सावकाश आलापी नाही, उसंत नाही, नुसती स्वरांची दाटी. पुढे पळवावं तर फीत नेमक्या जागी कधी थांबायची नाही, आणि बी बाजूची गाणी तर हवी होती. मग चालू द्यायचे. परीक्षेच्या दिवसांत, जर्नल पुरं करताना, कपड्यांना इस्त्री करताना. आणि एका रात्री ती दाटी सुटी सुटी दिसायला लागली. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, ते कुठून, कसे येतात ते कळलं आणि मी इस्त्री बंद करून खाली बसले.

लगेच पत्र टाकलं, आणखी मन्सूर पाठव. बाईसाहेबांनी काय पाठवावं? दोन्ही बाजूंना गझला. सोबत चिठ्ठी: "आधी हे पचव."